जुने यंत्र, नवा तडा

ऑनलाइन घेतलेले जुने अवजार वाटेत फुटले, तर भरपाई कोणाकडे मागायची?

बडनेरा : जुने यंत्र घ्यावे ते ठोकून-वाजवून, हा कारागिरांचा जुना शिरस्ता. दुकानात जायचे, चक हाताने फिरवून पाहायचा, बेअरिंगच्या आवाजाला कान द्यायचा, बैठकीवर हात फिरवून तडा चाचपायचा आणि मगच घासाघीस सुरू करायची. आता हाच सौदा मोबाइलच्या पडद्यावर होतो. पाच-सहा छायाचित्रे, ‘मशीन चालू स्थितीत आहे’ असे एक वाक्य आणि विक्रेत्याचा खाते क्रमांक, एवढ्यावर पुण्यातील ड्रिल मशीन बडनेऱ्याच्या वाटेला लागते. किंमत नव्याच्या निम्मी असते, त्यामुळे मोहही होतो. मात्र वाटेत चढ-उतार होतात, खोके आदळते आणि दारात पोहोचते ते तडा गेलेले लोखंड.

समजा, बडनेऱ्याच्या नव्या वस्तीत छोटे वर्कशॉप चालविणाऱ्या एका कारागिराने १४ हजार रुपयांना जुने बेंच ड्रिल मशीन घेतले. वजन ४० किलो, भाडे ६०० रुपये. टेम्पोतून खोके उतरले तेव्हा त्याचा एक कोपरा दबलेला होता. चालकाला घाई होती, म्हणून पावतीवर सही झाली. संध्याकाळी खोके उघडले तर बीडाच्या टेबलाचा कान तुटलेला. विक्रेता सांगतो, ‘मी दिले तेव्हा मशीन धड होते.’ वाहतूकदार म्हणतो, ‘माल मिळाल्याची तुमची सही आहे.’ संकेतस्थळ कळविते, ‘आम्ही केवळ मध्यस्थ आहोत.’ या तीन उत्तरांच्या मध्ये १४ हजार रुपये अडकतात आणि हाती घेतलेले कामही खोळंबते.

नवी वस्तू फुटकी आली, तर ती फुटकी आहे एवढे दाखविणे बहुधा पुरेसे ठरते. जुन्या वस्तूचे तसे नाही. ती आधीच झिजलेली, ओरखडलेली असते. म्हणून हा तडा जुना नसून वाटेतच पडला आहे, हे ग्राहकाला दाखवावे लागते. कायद्याने त्याला हक्क दिले आहेत. परंतु ते हक्क वापरता येतील की नाही, हे बऱ्याच अंशी माल ताब्यात घेतानाच्या पाच मिनिटांत ठरते.

सहीच्या आधी शेरा

माल उतरल्यावर सर्वप्रथम खोक्याच्या सहाही बाजू पाहाव्यात आणि त्यांची छायाचित्रे काढावीत. दबलेला कोपरा, फाटलेला पुठ्ठा, सुटलेली पट्टी, तेलाचा डाग, आतून येणारा खडखडाट या खुणा महत्त्वाच्या असतात. त्यांपैकी काही आढळल्यास वाहतूकदाराच्या माणसासमोरच खोके उघडण्याचा आग्रह धरावा. तो थांबण्यास तयार नसेल, तर पावतीवर स्पष्ट शेरा लिहूनच सही करावी. ‘खोके कोपऱ्यावर दबलेले, आत खडखडाट, न तपासता स्वीकारले’ एवढा शेराही पुष्कळ आहे. ओटीपी सांगून किंवा मोबाइलच्या पडद्यावर सही करून माल घेण्याची पद्धत असेल, तर त्याच क्षणी वाहतूकदार आणि विक्रेता या दोघांना तोच मजकूर छायाचित्रासह पाठवावा. वेळेची नोंद आपोआप होते.

खोके उघडताना चित्रीकरण सलग ठेवावे. वरचा पत्ता आणि पावती क्रमांक दिसेल अशी सुरुवात करावी आणि नुकसानीचा भाग दिसेपर्यंत कॅमेरा बंद करू नये. खोके, थर्माकोल, पट्ट्या फेकून देऊ नयेत. बांधणी कशी होती, याचा पुरावा त्यांतच असतो. मूळ चित्रीकरण फोनमधून पुसू नये. संदेशाद्वारे पुढे पाठविलेल्या प्रतीपेक्षा मूळ फाइलीला अधिक वजन असते.

तडा ओळखावा कसा?

जुन्या अवजारांचे सांगाडे बहुधा ओतीव लोखंडाचे, म्हणजे कारागिरांच्या भाषेत बीडाचे असतात. बीडामध्ये ग्राफाइटचे सूक्ष्म पापुद्रे पसरलेले असतात. त्यामुळे ते कंपने शोषून घेते आणि दाब उत्तम सहन करते. पण ताण सहन करण्याची त्याची ताकद दाबाच्या मानाने तिसऱ्या-चौथ्या हिश्श्याइतकीच असते. पोलाद आदळले तर वाकते, बीड आदळले तर तुटते. व्हाइसचा जबडा, ड्रिल मशीनचे टेबल, लोखंडी रंध्याची बाजू, शिलाई यंत्राचा पाय हे भाग प्रवासात तुटतात ते याच कारणाने. त्यात यंत्राचे स्वतःचे वजनच त्याचे शत्रू ठरते. ४० किलोचा ऐवज हलक्या पुठ्ठ्यात सैल ठेवला, तर प्रत्येक धक्क्याला तो आतूनच खोके फोडतो.

ताज्या आणि जुन्या भंगातील फरक डोळ्यांना दिसतो. नुकत्याच तुटलेल्या बीडाचा पृष्ठभाग करडा, दाणेदार आणि स्वच्छ असतो. जुन्या भंगात गंज, तेलाची काजळी किंवा रंग शिरलेला असतो. मात्र दमट हवेत, विशेषतः पावसाळ्यात, ताज्या भंगावरही एक-दोन दिवसांत तांबूस झाक येऊ लागते. म्हणून त्याच दिवशी, उजेडात आणि जवळून छायाचित्रे घ्यावीत. तोपर्यंत त्या जागेवर तेल लावू नये, घासू नये आणि तुकडे जोडूनही पाहू नयेत.

केसासारखा बारीक तडा शोधण्यासाठी कारखान्यांतील जुनी युक्ती उपयोगी पडते. संशयित भागाला रॉकेल किंवा डिझेल लावून काही वेळाने तो कोरडा पुसावा आणि त्यावर खडूची पूड चोळावी. तड्यात शिरलेले तेल बाहेर झिरपते आणि पांढऱ्या खडूवर रेघ उमटते.

विजेवर चालणारे यंत्र आल्याआल्या सुरू करून पाहण्याचा मोह टाळावा. वायर, प्लग आणि अर्थिंग तपासावे. स्पिंडल हाताने फिरते की नाही, हे पाहावे. मोटारीचे इन्सुलेशन वायरमनकडून ५०० व्होल्टच्या मेगरने मोजून घ्यावे. ते एक मेगाओहमपेक्षा कमी भरल्यास वीज जोडू नये. ग्राइंडरसोबत आलेले चाक प्रवासात आदळले असण्याची शंका असेल, तर ते वापरूच नये. धड चाकाला लाकडी दांड्याने हलकेच टिचकी दिल्यास खणखणीत नाद येतो, तडकलेल्या चाकाचा आवाज बद्द असतो. तडकलेले चाक वेगात फुटले, तर प्रश्न भरपाईचा राहत नाही, जिवाचा होतो.

वाटेतील जोखीम कोणाची?

या प्रश्नाचे उत्तर अनेकांना धक्का देणारे आहे. वस्तूविक्री कायदा, १९३० नुसार मालकी ज्याची, जोखीम त्याची, हे सर्वसाधारण सूत्र आहे. ठरलेला माल विक्रेत्याने खरेदीदारासाठी वाहतूकदाराच्या हवाली केला आणि त्यावर स्वतःचा ताबा राखून ठेवला नाही, तर तो खरेदीदारालाच दिल्यासारखा मानला जातो. म्हणजे दोघांमध्ये वेगळे काही ठरले नसेल, तर पुणे ते बडनेरा या प्रवासाची जोखीम घेणाऱ्याच्या माथी येऊ शकते.

परंतु त्याच कायद्याने विक्रेत्यावरही एक बंधन घातले आहे. मालाचे स्वरूप लक्षात घेऊन वाहतूकदाराशी वाजवी करार करणे, हे त्याचे काम आहे. त्याने ते टाळले आणि माल वाटेत बिघडला, तर खरेदीदार त्याला जबाबदार धरू शकतो. जड बीडाचे यंत्र ‘घरगुती सामान’ म्हणून किमान भाड्यात पाठविले असेल, तर हा मुद्दा कामी येतो. ‘जसे आहे तसे’ या अटीचाही अनेकदा गैरअर्थ लावला जातो. ती अट विक्रीच्या वेळच्या स्थितीबद्दल बोलते. नंतर वाटेत पडलेल्या तड्याबद्दल नव्हे.

सर्वांत सोपा उपाय म्हणजे पैसे देण्यापूर्वी एक ओळ लिहून घेणे : ‘माल बडनेऱ्यात सुस्थितीत पोहोचेपर्यंतची जोखीम विक्रेत्याची राहील.’ मोबाइलवरील संदेशातील होकारही पुरावा ठरतो.

विक्रेता कोण आहे, यावरही बरेच अवलंबून असते. ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियम, २०२० नुसार बाजारपेठ-संकेतस्थळावरून विकणाऱ्या व्यावसायिकाला सदोष किंवा वर्णनाशी न जुळणारा माल परत घेण्यास नकार देता येत नाही. संकेतस्थळाच्या तक्रार अधिकाऱ्याने ४८ तासांत तक्रारीची पोच देणे आणि एका महिन्यात तिचे निवारण करणे आवश्यक आहे. मात्र घरातील जुना रंधा एकदाच विकायला काढणाऱ्या खासगी व्यक्तीला हे नियम लागू होत नाहीत. तेथे खरेदीदाराला करार आणि वस्तूविक्री कायद्याचाच आधार घ्यावा लागतो.

बिल्टीवरील बारीक अक्षरे

रस्त्याने येणाऱ्या मालाला ‘कॅरेज बाय रोड’ कायदा, २००७ लागू होतो. १ मार्च २०११ पासून अमलात आलेल्या या कायद्याने १८६५ चा जुना कायदा मागे टाकला. घरपोच सेवा देणाऱ्या कुरिअर संस्थाही त्याच्या कक्षेत येतात. वाहतूकदाराचा हलगर्जीपणा ग्राहकाने सिद्ध करण्याची गरज या कायद्याखाली नाही. हे तत्त्व ग्राहक मंचांपुढेही चालते, असे सर्वोच्च न्यायालयाने २००० मध्ये पटेल रोडवेज विरुद्ध बिर्ला यामाहा या प्रकरणात स्पष्ट केले होते. त्या प्रकरणात वाहतुकीसाठी सोपविलेले जनरेटर संच आगीत नष्ट झाले होते.

पण भरपाईला मर्यादा आहे. मालाचे जास्त मूल्य जाहीर करून जादा जोखीम-दर भरलेला नसेल, तर वाहतूकदाराची जबाबदारी भाड्याच्या दहापटीपर्यंतच राहते. वरच्या उदाहरणात भाडे ६०० रुपये होते. म्हणजे १४ हजारांच्या यंत्रासाठी वाहतूकदाराकडून कमाल ६ हजार रुपये मिळू शकतात. सही केलेल्या कागदावरील मर्यादेची अट बंधनकारक ठरते, हेही सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये भारती निटिंग कंपनी विरुद्ध डीएचएल या निकालात सांगितले आहे. जर्मनीला पाठविलेली कागदपत्रे उशिरा पोहोचल्याच्या त्या प्रकरणात भरपाई अटीतील १०० डॉलरवरच थांबली. म्हणून बिल्टीवर खरे मूल्य लिहायला लावणे आणि शक्य तेथे वाहतूक विमा घेणे, हे काही रुपयांचे काम नंतर हजारो रुपये वाचविते.

मुदतही विसरू नये. रस्ता वाहतूकदाराविरुद्ध दावा करायचा असेल, तर माल नोंदविल्याच्या तारखेपासून १८० दिवसांच्या आत त्याला लेखी नोटीस मिळाली पाहिजे.

रेल्वेने आलेला माल

बडनेरा हे मध्य रेल्वेच्या भुसावळ विभागातील, मुंबई-हावडा मार्गावरील जंक्शन. त्यामुळे येथे रेल्वे पार्सलचा पर्यायही असतो. रेल्वेचे नियम वेगळे आहेत. रेल्वे कायदा, १९८९ नुसार पार्सल फुटलेले किंवा छेडछाड झालेले दिसल्यास आणि घेणाऱ्याने मागणी केल्यास रेल्वेने ‘ओपन डिलिव्हरी’, म्हणजे सर्वांसमक्ष उघडून माल देणे बंधनकारक आहे. त्या वेळी नोंदलेली नुकसानी हा सर्वांत भक्कम पुरावा ठरतो. खिडकीतून पार्सल उचलून घरी नेल्यावर हा हक्क हातातून जातो.

येथेही भरपाईची मर्यादा आहे. पाठविताना मूल्य जाहीर करून त्यावरील टक्केवारीचे शुल्क भरलेले नसेल, तर पार्सलसाठी रेल्वेची जबाबदारी किलोमागे ५० रुपयांपुरती असते. ४० किलोच्या ड्रिल मशीनला ती फक्त २ हजार रुपये होते. मूल्य जाहीर करणे हे पाठविणाऱ्याच्या हातात असल्याने विक्रेत्याला तसे आधीच सांगावे. बांधणी सदोष असल्याची नोंद पाठविण्याच्या अर्जावरच झालेली असेल, तर दावा आणखी कमकुवत होतो.

रेल्वेकडे भरपाईची लेखी मागणी माल सोपविल्यापासून सहा महिन्यांच्या आत करावी लागते. ती फेटाळली गेल्यास ग्राहक आयोगाकडे नव्हे, तर रेल्वे दावा न्यायाधिकरणाकडे जावे लागते. त्याचे एक खंडपीठ नागपुरात आहे. रेल्वेच्या डब्यातील जागा खासगी कंत्राटदारांनाही भाड्याने दिली जाते. म्हणून पावती कोणी दिली आहे, हे पाहूनच नोटीस कोणाला द्यायची ते ठरवावे.

कारागीर ‘ग्राहक’ आहे का?

ग्राहक कायदा व्यापारी कारणासाठी केलेल्या खरेदीला लागू होत नाही. मग पोटापाण्यासाठी यंत्र घेणाऱ्याचे काय? या प्रश्नावरील महत्त्वाचा निकाल महाराष्ट्रातूनच सुरू झालेल्या एका प्रकरणात लागला आणि तेथेही वाद एका यंत्राचाच होता. लक्ष्मी इंजिनिअरिंग वर्क्स या लघुउद्योगाने १९९० मध्ये पीएसजी इंडस्ट्रियल इन्स्टिट्यूटकडे सीएनसी यंत्राची मागणी नोंदविली. यंत्र उशिरा आले आणि सदोष निघाले, अशी तक्रार होती. महाराष्ट्र राज्य आयोगाने भरपाई मंजूर केली. राष्ट्रीय आयोगाने मात्र खरेदी व्यापारी असल्याचे सांगून ती रद्द केली. सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्ये राष्ट्रीय आयोगाचाच निर्णय कायम ठेवला.

तो उद्योग हरला, पण त्या निकालाने लहान कारागिराची वाट मोकळी केली. स्वयंरोजगारातून उपजीविकेसाठी यंत्र घेऊन ते स्वतः चालविणारा माणूस ग्राहकच आहे आणि मदतीला एक-दोन माणसे घेतल्याने त्याचा हा दर्जा जात नाही, असे न्यायालयाने सांगितले. त्यात लेथ मशीनचेही उदाहरण होते. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ मध्येही स्वयंरोजगाराची ही सवलत कायम आहे. म्हणून तक्रारीत ‘हे यंत्र मी स्वतः चालवितो व त्यावर माझी उपजीविका आहे’ हे वाक्य आवर्जून लिहावे.

तक्रारीच्या पायऱ्या

पहिली पायरी विक्रेता आणि वाहतूकदार या दोघांना एकाच दिवशी लेखी कळविणे. माल नाकारायचा असेल, तर तसे वाजवी मुदतीत सांगावे लागते. गप्प बसून ठेवून घेतल्यास तो स्वीकारला असे धरले जाते. नाकारलेला माल स्वखर्चाने परत पाठविण्याची सक्ती मात्र वेगळे ठरले नसल्यास खरेदीदारावर नाही. नकार कळविणे पुरेसे असते. त्यानंतर संकेतस्थळाचा तक्रार अधिकारी. पैसे कार्डाने दिले असल्यास बँकेकडे ‘चार्जबॅक’ची मागणी करता येते. यूपीआयने थेट व्यक्तीच्या खात्यात गेलेली रक्कम तशी परत खेचता येत नाही. खोक्यात यंत्राऐवजी विटा निघाल्या, तर मात्र ती नुकसानी नव्हे, फसवणूक आहे. तेव्हा १९३० या क्रमांकावर तातडीने तक्रार करावी.

राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे. तेथे प्रश्न न सुटल्यास जिल्हा ग्राहक आयोगाचा मार्ग उरतो. २०१९ च्या कायद्यानुसार तक्रारदार जेथे राहतो किंवा काम करतो, तेथे तक्रार दाखल करता येते. त्यामुळे बडनेऱ्याच्या ग्राहकाला पुण्याला खेटे घालण्याची गरज नाही. अमरावतीच्या आयोगात दाद मागता येते. मोबदला ५ लाख रुपयांपर्यंत असल्यास शुल्क नाही. मुदत दोन वर्षांची आहे. १ जानेवारी २०२५ पासून ‘ई-जागृती’ या संकेतस्थळावरून घरबसल्याही तक्रार नोंदविता येते.

दुरुस्ती की परतावा?

प्रत्येक तडा आयोगापर्यंत नेण्याजोगा नसतो. टेबलाचा कान तुटला, पण स्पिंडल सरळ आहे आणि मोटार ठीक आहे, तर किमतीत कपात मागून दुरुस्ती करून घेणे शहाणपणाचे ठरते. बीडाला ब्रेझिंगने किंवा आधी तापवून निकेलच्या रॉडने जोडता येते. मात्र ते सरावाचे काम आहे. सावकाश थंड न केल्यास जोडाशेजारीच नवा तडा जातो. दुरुस्तीचा अंदाज लेखी घ्यावा आणि तोच आकडा विक्रेत्यापुढे ठेवावा. रकमेचे ठरेपर्यंत दुरुस्ती सुरू करू नये, कारण जोडलेल्या तड्याबरोबर पुरावाही बुजतो. स्पिंडल वाकले असेल, व्हाइसचा जबडा किंवा ग्राइंडरचे कवच तडकले असेल, तर तडजोड न करता परतावाच मागावा. जोर झेलणाऱ्या भागाचा भरवसा पुन्हा येत नाही.

अर्थात, यातील बराचसा त्रास यंत्र निघण्यापूर्वीच टाळता येतो. पाठविण्याच्या दिवशी यंत्र चालू असतानाचे चित्रीकरण विक्रेत्याकडून मागवावे. त्यात तारीख सांगितलेली असावी आणि सर्व बाजू दिसाव्यात. हँडल, चक, टेबल सुटे करून वेगळे गुंडाळावेत. हलणारे भाग बांधून टाकावेत. यंत्र फळ्यांच्या पेटीत तळाशी बोल्टने आवळावे. केवळ थर्माकोलवर विसंबू नये. पेटीचे पाच-सातशे रुपये वाचविणारा खरेदीदार ती बचत दारातच गमावतो.

जुने यंत्र स्वस्त पडते, कारण त्याची झीज कोणी तरी आधीच भोगलेली असते. वाटेत पडलेल्या तड्याची किंमतही आपणच भोगायची की नाही, हे मात्र खरेदीदाराच्या हातात आहे. त्यासाठी चालकाला पाच मिनिटे थांबवावे लागते आणि सहीच्या आधी दोन ओळींचा शेरा लिहावा लागतो.